सुपारीच्या शेडमधला दुसरा भाग

आमच्या शेडमध्ये दोन गोष्टी रोज साचतात, सुपारीची सालं आणि किस्से. सालं निदान संध्याकाळी गोणीत भरून बंबाला नेता येतात. किश्श्यांचं काय करायचं? नवऱ्याला सांगावेत तर तो बातम्या बघत असतो. शेजारणीला सांगावेत तर ती स्वतःच त्या किश्श्यात असते! आज तुम्ही सापडलात, तर तुम्हालाच सांगते. बसा निवांत.

हरिहरेश्वरच्या अलीकडे आमचं गाव. पोफळीच्या वाड्या, मधून पाटाचं पाणी, आणि रस्त्याला लागून नानाशेठची पत्र्याची शेड. वाळलेली सुपारी सालासकट तिथे येते, तिला आम्ही असोली म्हणतो. लाकडी पाटात ठोकलेलं पातं पुढ्यात घ्यायचं, असोली त्यावर दाबायची, साल उलगडायचं, सुपारी टोपलीत टाकायची. सकाळपासून संध्याकाळपर्यंत हेच काम.

मीही हेच करायची. पण मागच्या सोलणीला पातं माझ्या अंगठ्यात शिरलं आणि नस गेली. अंगठा आता नुसता शोभेला आहे. नानाशेठ म्हणाले, "वंदावहिनी, तुम्ही निवडायला बसा." निवडणं तासाभरात उरकतं. मग मी रिकामी बसलेली बायकांना बघवेना. म्हणाल्या, "बारावी पास हायेस ना? मंग वाच कायतरी मोठ्यानं."

तेव्हापासून मी आमच्या शेडची वाचणारी. पेपर वाचला, जुने दिवाळी अंक वाचले, दवाखान्यातून आणलेली मधुमेहाची पुस्तिकासुद्धा वाचली. ती ऐकून कुंदाआत्या आठवडाभर बिनसाखरेचा चहा प्यायल्या आणि आठवडाभर सगळ्यांशी भांडल्या!

•

एक दिवस सुगंधा पदराखालून पुस्तक घेऊन आली. सुगंधा माझ्याच वयाची. नवरा जाऊन बरीच वर्षं झाली, घरात ती आणि तिची प्राची, दोघीच. म्हणजे तेव्हा दोघी नव्हत्याच. दिवाळीनंतर प्राची पनवेलला निघून गेली होती.

झालं असं होतं, की सुगंधाने म्हसळ्याकडचं एक स्थळ पक्कं केलं. मुलगा चांगला, स्वतःचा टेम्पो. प्राचीला न विचारता शब्द देऊन टाकला. प्राची म्हणाली, मला आत्ता लग्न नको, मी नोकरी करणार. पनवेलला एका दातांच्या डॉक्टरकडे रिसेप्शनला तिने जागासुद्धा बघून ठेवली होती. सकाळच्या एसटीला बॅग घेऊन उभी राहिली. सुगंधा मागोमाग स्टँडवर गेली आणि सगळ्यांसमोर बोलून बसली, "जातीस तर पुन्यांदा तोंड दाखवू नको!"

पोरगी आईवर गेलेली. गेली ती गेली. ना हिचा फोन, ना तिचा.

तर सुगंधाने ते पुस्तक माझ्या मांडीवर टाकलं. कोपरे दुमडलेलं, पाठ सुटलेलं. "प्राचीच्या फळीवर व्हतं. चार चारदा वाचायची. मला अक्षर लावून वाचायला वरीस जाईल. तू वाच. मला बघायचंय पोरीच्या डोक्यात ह्यानं काय भरवलंय."

"आणि भरवलं असेल तर?" मी विचारलं.

"तर बंबात घालीन," म्हणाली. आणि ती घालणारी होती बरं का!

•

पुस्तकाचं नाव 'शेवटची टाकी'. कॉलेजातली मुलं वाचतात तशातलं. पुढचा काळ आहे, समुद्र वर आलाय, उरलेली माणसं एका भिंतीच्या आत राहतात. प्यायचं पाणी टाकीतून मोजून मिळतं. पंधरा वर्षं झाली की प्रत्येक पोराच्या मनगटावर रंगीत पट्टा बांधतात, त्या रंगावर त्याचं पाणी आणि त्याचं काम ठरतं. पोराला कोणी विचारत नाही. अन्न म्हणून गोळ्या.

पहिल्याच दिवशी कुंदाआत्यांनी हात वर केला. कुंदाआत्या आमच्यात सगळ्यात मोठ्या. दात उरले नाहीत, पण चावतात!

"समुद्र वाढला म्हनतेस ना? मंग मासळी पन वाढली आसंल की! ह्ये येडे गोळ्या कशाला खात्यात?"

जैतूनभाभी म्हणाल्या, "तेच तर! भिंतीवर बसून गळ टाकला तरी दुपारचं कालवण होतं." जैतूनभाभींचे मालक जहाजावर खानसामा आहेत, त्यामुळे समुद्राच्या बाबतीत त्यांचा शब्द शेवटचा.

लेखिकेने लिहिलंय त्याला मी काय करू? पण खरं सांगायचं तर ती चूकच आहे. ज्या बाईने समुद्रावर पुस्तक लिहिलं, तिने एकदा तरी सकाळी बंदरावर जाऊन उभं राहायला हवं होतं.

पण जिथे जमलंय तिथे काय जमलंय म्हणता! पोरीचं नाव रेवा. तिच्या हाताला राखाडी पट्टा बांधतात, म्हणजे जन्मभर टाकीचा गाळ काढायचा. त्याच दिवशी ती पळते. भिंतीवर चढतेय, खाली शिपाई, वर काचा लावलेल्या, हाताला रक्त. शेडमध्ये कोणाच्याच पात्याचा आवाज नाही. मी श्वास घ्यायला थांबले.

तेवढ्यात सुगंधा ओरडली, "पळ गं बाय! मागं बघू नको, पळ!"

सगळ्या तिच्याकडे बघायला लागल्या. तिच्या हातात अर्धी सोललेली असोली तशीच. आपण काय बोलून बसलो ते तिचं तिलाच कळलं. मग मान खाली घातली आणि संध्याकाळपर्यंत नुसती सोलत राहिली.

पुस्तक काही बंबात गेलं नाही. मी परत दिलं तेव्हा तिने पदराने पुसून घेतलं.

•

रेवा भिंत ओलांडते आणि पहिला भाग संपतो. पुढे काय? दुसरा भाग निघालाय असं पाठीमागे छापलेलं. नाव 'टाकीच्या पलीकडे'. आता तो आणायचा कुठून? आमच्याकडे पुस्तकाचं दुकान म्हणजे शाळेच्या वह्या, खोडरबर आणि पतंग!

सुगंधा पात्यावरची नजर न उचलता म्हणाली, "पनवेलला मिळत आसंल."

"मग विचार की पनवेलला," मी म्हटलं.

"तू इचार. माझं नाव घेऊ नको."

मी तिथेच बसून प्राचीला फोन लावला. इतक्या महिन्यांनी पोरीचा आवाज ऐकला, बरं वाटलं. पुस्तकाचं सांगितलं. ती म्हणाली, "वहिनी, कोणाला हवाय दुसरा भाग?"

"सगळ्यांना."

"सगळ्यांना म्हणजे?"

"सगळ्यांना म्हणजे सगळ्यांना गं!" मी म्हटलं. समोर सुगंधा एकच असोली कधीची सोलत होती.

शिमग्याला गावचे सगळे येतात. पनवेलला टेम्पो चालवणारा आमच्या आळीतला संतोष प्राचीने दिलेलं पुस्तक घेऊन आला. पण या बाबाने माणगावला गाडी दुरुस्तीला लागली तेव्हा बसून ते निम्मं वाचून काढलं होतं! शेडच्या दारातच सुरू झाला, "भारी हाय वहिनी, त्यो पंपवाला पोरगा हाय ना, त्यो..."

कुंदाआत्या या वयात इतक्या चपळ असतील असं मला वाटलं नव्हतं. उठल्या आणि ओंजळभर साल त्याच्या तोंडासमोर धरलं. "बोल पुढं! बोललास तर ह्ये तोंडात कोंबीन!" संतोष शिमगा संपेपर्यंत आमच्या रस्त्याने फिरकला नाही.

तरी पुस्तक कोरं करकरीत, वरती दुकानाचं लेबल तसंच. सुगंधाने ते घेतलं, उलटं धरलं आणि हळूच झटकलं. चिठ्ठी-बिठ्ठी असेल म्हणून. काही पडलं नाही. पुन्हा एकदा झटकलं. मग माझ्याकडे देत म्हणाली, "धूळ बसलीया." नव्या पुस्तकावर कसली धूळ! मला फार वाईट वाटलं, पण मी म्हटलं, "हो, बसते."

•

त्याच रात्री प्राचीचा मला मेसेज. "वहिनी, मी अजून वाचलेलं नाही. घेतलं ते सरळ पाठवलं. दुपारी डॉक्टर जेवायला घरी जातात, मी क्लिनिकमध्ये एकटीच असते. वाचताना फोन चालू ठेवाल का?"

दुसऱ्या दिवशी मी रिकामी टोपली उपडी घातली, वर फोन ठेवला, स्पीकर लावला. सगळ्यांना कळलं कोण आहे ते. कोणी विचारलं नाही. सुगंधाने बसायची जागा बदलली. रोज भिंतीकडे बसायची, ती टोपलीपाशी आली. म्हणाली, "तिकडं पत्रा तापतोय."

आता या दोघी एकमेकींशी बोलणार नाहीत हे ठरलेलं. पण पुस्तकाबद्दल बोलल्याशिवाय राहवेना! तिसऱ्या का चौथ्या दिवशी रेवा उपाशीपोटी जंगलात हिंडतेय आणि वाटेतल्या झाडाची फळं खात नाही, का तर विषारी असतील.

सुगंधा मला म्हणाली, "वंदा, फोनवर जे कोन हाय त्यांना सांग. पाखरानं खाल्लेलं फळ मान्सानं खायाला हरकत नसती. इतकं बी कळत न्हाय का त्या रेवीला?"

फोनमधून आवाज आला, "वहिनी, तिथे जे कोण आहे त्यांना सांगा, ती भिंतीच्या आत वाढलीये. तिने झाड कधी बघितलेलंच नाही. तिला कोणी शिकवलं नाही."

"फोनवर जे कोन हाय त्यांना सांग, आय शिकवत व्हती पर लक्ष नसंल!"

"तिथे जे कोण आहे त्यांना सांगा, पहिल्या भागात आई फक्त पाण्याच्या रांगेत दाखवलीये!"

मी मध्ये बसून एकदा हिच्याकडे बघायची, एकदा टोपलीकडे. शेवटी जैतूनभाभी वैतागल्या. "या अल्ला! दोघींच्या मधे ही वंदा कशाला? त्या दोघींना एकमेकींचं सगळं ऐकू येतंय ना!"

त्या दिवसापुरतं थांबलं. पण दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच, 'जे कोण' आणि 'जे कोण'. मला तर त्या भांडणाची गोडी लागली. प्राची फोनवर जरा उशिरा आली तर मी वाचायला सुरुवातच करत नसे. बायकांना म्हणायची, चष्मा सापडत नाही. चष्मा डोळ्यांवरच असायचा!

•

पुस्तक चांगलं का वाईट हे आमच्याकडे नानाशेठ ठरवतात. ते एक ओळ वाचत नाहीत. नुसत्या टोपल्या बघतात.

पुस्तक रंगलं की हात थांबतात आणि टोपली रिकामी राहते. पुस्तक पडलं की बायका कंटाळून भराभर सोलतात आणि टोपली शिगोशीग भरते. पहिल्या भागाच्या वेळी शेठ कपाळाला हात लावून बसायचे. "वहिनी, जरा कमी चांगलं वाचा ना!"

दुसरा भाग सुरू झाला आणि शेठचा चेहरा खुलला. कारण दुसऱ्या भागात भाषणं आहेत. तिथला जो मुख्य, महापाल म्हणतात त्याला, तो रेवाला पकडतो, भिंतीबाहेरच्या चौकीत खुर्चीला बांधतो, आणि आपण भिंत का बांधली ते सांगत बसतो. पानंच्या पानं! जैतूनभाभी म्हणाल्या, "तोबा! एवढ्या वेळात तिचं काम तमाम करून घरी जाऊन झोपला असता."

शेठ दारात आले, टोपल्यांकडे बघून हरखले. "आज काय चाललंय?"

"भाषण."

"वा वा! चालू द्या. लेखिका हुशार आहे!"

पण त्याच पुस्तकात एक प्रकरण असं आहे, की टाकीला तडा जातो आणि खालच्या वस्तीतल्या बायका हंडे घेऊन रांगेत उभ्या राहतात. एक बाई पुढे घुसते, तिच्याशी सगळ्या भांडतात. मग कळतं, तिच्या घरी बाळंतीण आहे. सगळ्या नुसती वाट करून देतात. पुढची बाई आपला भरलेला हंडा तिच्या डोक्यावर चढवते. एवढंच लिहिलंय, एका पानात. आमच्याकडे मे महिन्यात टँकर येतो, आम्हाला ते पान सांगायची गरज नाही. कुंदाआत्या म्हणाल्या, "ही बाई रांगेत उभी ऱ्हायलीया. ह्ये ऐकून लिवलेलं न्हाय."

शेठ चहाचा कप घेऊन दारात उभे होते. टोपल्या रिकाम्या होत्या. त्यांनी ओरडायला तोंड उघडलं आणि मलाच विचारलं, "मग? बाळंतिणीला पोचलं का पाणी?"

•

त्या पुस्तकातला मिहिर सगळ्यांचा लाडका. दोन मुलं आहेत रेवाच्या मागे. एक ओजस, तो बंदूक घेऊन फिरतो आणि डोळे बारीक करून बोलतो. दुसरा मिहिर, तो पंप दुरुस्त करतो आणि फारसं बोलतच नाही. रेवाला ठरवता येत नाही आणि त्यात निम्मं पुस्तक जातं. आमच्याकडे पाच मिनिटांत ठरलं. जैतूनभाभी म्हणाल्या, "ज्याला पंप उघडता येतो त्याच्याशी लग्न लाव, आयुष्यभराची चिंता मिटली!"

आणि एका दुपारी तो मिहिर गेला. पंप चालू करायला आत उतरला, वरून बोगदा कोसळला.

मी वाचायची थांबले. कुंदाआत्या म्हणाल्या, "मीट पुस्तक." जैतूनभाभी डोळे मिटून काहीतरी पुटपुटत होत्या. फोनमधून नाक ओढल्याचा आवाज आला. सुगंधाने पदर तोंडाला लावला.

नेमके शेठ आत आले. सगळ्यांचे हात मांडीवर, डोळ्यांना पदर. घाबरले. "काय झालं?"

कुंदाआत्या म्हणाल्या, "मिहिर गेला."

"अरे अरे! कधी?"

"आत्ताच."

"वय काय होतं?"

"सतरा."

शेठ मटकन खालीच बसले. "कसा गेला?"

"पंप दुरुस्त करताना."

"तरी मी ग्रामपंचायतीला सांगत होतो, त्या पंपाची वायरिंग धड नाही!" शेठ उठले. आमच्या गावात कोणाकडे काही झालं की कामं बंद ठेवतात, पूर्वापार पद्धत आहे. "शेड बंद करा. जाऊन या तुम्ही सगळ्या. मीही येतो कपडे बदलून."

मी खरं सांगायला तोंड उघडलं तर कुंदाआत्यांनी मला चिमटा काढला. "शेठ सुट्टी देतोय, तू का मधी पडतीस?"

शेठ पांढरा सदरा घालून आळीआळीत विचारत फिरले, मिहिर कोणाचा म्हणून. संध्याकाळी कळलं. दुसऱ्या दिवशी आमच्याकडे बघेनात. दुपारी मात्र माझ्याजवळ आले, इकडेतिकडे बघितलं आणि हळूच विचारलं, "त्या पोराच्या घरी कोण कोण होतं हो?"

पुढची गंमत ऐका. आणखी चाळीसएक पानं गेली आणि मिहिर जिवंत! बोगद्याला म्हणे दुसरं तोंड होतं. अहो, मग आधी सांगायचं ना! कुंदाआत्या भडकल्या. "मेलेला परत आनायचा, मंग आमी रडलो त्ये काय फुकट?" मला विचाराल तर या पुस्तकातली ही सगळ्यात लबाड जागा. पोर परत आलं याचा आनंद झाला, नाही असं नाही. पण फसल्यासारखं वाटलंच.

शेठ दारातून म्हणाले, "जिवंत आहे? बरं झालं बाबा!" आणि मग एकदम आठवलं. "थांबा! मग माझी अर्ध्या दिवसाची सोलणी?"

"ती लेखिकेकडनं घे!" कुंदाआत्या म्हणाल्या.

फोनमधून हसू आलं. प्राची मोठ्याने, अगदी खळखळून हसत होती, लहानपणी हसायची तशी. सुगंधाचे दोन्ही हात पात्यावर थांबले. हसणं थांबेपर्यंत तशीच बसून राहिली.

•

आता मला ज्याचा राग आहे ते सांगते. या दुसऱ्या भागात रेवाला आई आठवतच नाही! ओजससाठी रडते, मिहिरसाठी रडते, एका मेलेल्या कुत्र्यासाठीसुद्धा रडते. आई भिंतीच्या आत एकटी आहे, पोरगी पळाली म्हणून तिचं पाणी तोडलं असेल, तिला शिपायांनी विचारलं असेल. एक अक्षर नाही.

त्या दिवशी रेवा शेकोटीपाशी बसून आपलं कोण कोण हरवलं ते आठवते. लांबलचक यादी. मी वाचतेय, वाचतेय, बायका वाट बघतायत. प्रकरण संपलं.

कुंदाआत्या कडाडल्या. "आन आय? आय काय उकिरड्यावर सापडली व्हती का हिला?"

"बेशरम पोरगी," जैतूनभाभी म्हणाल्या. "आईनं पोटाला बांधून वाढवलं आणि ही दोन पोरांच्यात गुंतलीये!"

"असल्या पोरी असल्या काय आन नसल्या काय!"

सगळ्या तुटून पडल्या. मीसुद्धा बोलले, "आईचं काळीज दगडाचं असतं असं वाटतं या पोरींना." रागात आम्ही टोपलीवर काय ठेवलंय ते साफ विसरलो होतो! मग माझं लक्ष गेलं. फोन चालूच होता. पलीकडे काही आवाज नव्हता.

मी सगळ्यांना हाताने खुणावलं. आता ही पोरगी फोन ठेवणार आणि पुन्हा कधी लावणार नाही, असं मला वाटलं. आणि दोष आमचा.

तेव्हा सुगंधा बोलली. 'जे कोण' म्हणाली नाही, माझं नाव घेतलं नाही. पात्याकडे बघून बोलली. "तशी न्हाय ती. आठवत आसंल तिला. समदंच का पुस्तकात लिवत्यात?" एक असोली पात्यावर दाबली. "तिला वाटत आसंल, आय आजून रागात हाय. आय कशाला रागात आसंल? आय आपली बोलून बसली. पट्टा कंच्या रंगाचा बांधायचा त्ये आयनं ठरवायचं नसतं, ह्ये आयला तवा कळलं न्हाय. आता कळलंय."

माझे डोळे भरून आले होते, पुढची ओळ दिसेना.

मग फोनमधून आवाज आला. "वहिनी, पुढे वाचा ना."

मी वाचलं. काय वाचलं ते मला आजही सांगता येणार नाही.

•

पुस्तक एप्रिलात संपलं. संपलं म्हणजे काय, अर्ध्यावर तोडलं! शेवटच्या पानावर रेवा गुपचूप भिंतीच्या आत येते. आपल्या गल्लीत येते. आईच्या दारासमोर उभी राहते. लेखिकेला शेवटी आई आठवली एकदाची! दार वाजवायला हात वर करते, आणि खाली छापलंय, पुढची गोष्ट तिसऱ्या भागात.

"वाजीव की मेले!" कुंदाआत्या पुस्तकावरच ओरडल्या.

मी पान उलटून बघितलं, पाठीमागचं कव्हर बघितलं. काही नाही. तिसरा भाग कधी येणार तेही लिहिलेलं नाही. प्राची म्हणाली, तिने दुकानात विचारलं होतं, लेखिकेने अजून लिहायलाच घेतलेला नाही. "बरं वहिनी, ठेवते मग," म्हणाली आणि फोन बंद झाला. सुगंधा टोपलीकडे बघत राहिली. मायलेकींमध्ये जे काय होतं ते त्या पुस्तकाच्या जोरावर चाललं होतं, आणि ते संपलं होतं. मला त्या लेखिकेला जाऊन विचारावंसं वाटलं, बाई, दोन पानं जास्त लिहायला तुझं काय जात होतं?

दुसऱ्या दिवशी दुपारी बायका मुकाट्याने सोलायला बसल्या. मी सवयीने टोपली उपडी घालून फोन वर ठेवला होता. वाचायला काही नव्हतं. जैतूनभाभी मधुमेहाची पुस्तिका पुन्हा वाच म्हणाल्या, त्यावर कुंदाआत्यांनी असं बघितलं की विषय तिथेच मिटला.

आणि फोन वाजला. प्राचीचं नाव.

मी उचलायला हात पुढे केला आणि मागे घेतला. माझ्याच्याने उचलवेना. जैतूनभाभी दुसरीकडे बघायला लागल्या. फोन वाजतोय, वाजतोय. शेवटी सुगंधाने सालाने भरलेले हात लुगड्याला पुसले, बोटाची मागची बाजू टेकवून फोन उचलला आणि स्पीकर लावला.

सुगंधा टोपलीकडे वाकली. "पुस्तक संपलं," ती म्हणाली.

"हो," प्राची म्हणाली.

"तिसरा भाग आल्याला न्हाय."

"माहितेय, आई."

"मंग आता वाचायला काय न्हाय गं."

पलीकडे पंख्याचा आवाज येत होता. क्लिनिकमध्ये ती एकटीच असणार.

"मग नुसत्या सोला," प्राची म्हणाली. "मी ऐकते."